देवालयांतील पाषाणशिल्प आणि आपली पाठशाळा
(मठाच्या वर्धापन-महोत्सवात दिलेले व्याख्यान)

 

महोत्सवाच्या व्याख्यानमालेत 'पाषाणशिल्प' हा विषय मजकडे आला, तेव्हा पाठशाळेतील कित्येकांना नवल वाटले. व्याकरण शिकविणाऱ्याने धातूंविषयी बोलावे, पाषाणाविषयी बोलण्याचा त्याला अधिकार काय, असा प्रश्न एका सहाध्यायाने विनोदाने केलाही. तरी मी हा विषय आनंदाने पत्करला. शिल्पशास्त्राचे ग्रंथ ज्या भाषेत आहेत ती भाषा आमच्या पाठशाळेत चालते. परंतु ते ग्रंथ ज्यांच्या उपयोगासाठी रचले गेले त्यांची मुले आमच्या पाठशाळेत येत नाहीत, आणि आमचे विद्यार्थी त्यांच्या कर्मशाळेत जात नाहीत. एका घराचे दोन भाऊ वेगळे निघावेत आणि एकाने किल्ल्या न्याव्यात, दुसऱ्याने कुलुपे, तसे हे झाले आहे. त्याविषयी मला बोलावयाचे आहे. आपल्या सभामंडपाच्या चालू कामाशीही या गोष्टीचा संबंध आहे. तो शेवटी सांगेन.

प्रथम दगडाविषयी बोलू. शिल्पाची चर्चा करताना आपण देवता, राजा, शतक इत्यादींविषयी बोलतो, दगडाला मात्र विसरतो. घाटाखालच्या मंडळींना जांभा दगड परिचित आहे. खाणीतून तो कुऱ्हाडीने तासून निघतो, भिंतीला उत्तम, विहिरीला उत्तम. पण त्याच्या अंगाला छिद्रे असल्यामुळे त्यावर पाकळी कोरता येत नाही, मग डोळ्याची पापणी कोठली? गोमंतकातील सतराव्या-अठराव्या शतकांत उभारलेली देवालये जांभ्याची आणि चुन्याच्या गिलाव्याची आहेत, आणि तेथील सूक्ष्म कलाकुसर लाकडात व रुप्यात आढळते. हे कारागिरांच्या उणेपणामुळे झाले नाही. जेथे नक्षी टिकते तेथे ती केली गेली.

आता तांबडी सुर्ल येथील महादेवाचे देवालय आठवावे. आपल्यापैकी अनेकजण अनमोड घाटाच्या पायथ्याच्या त्या अरण्यात जाऊन आले असतील. कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकांतले हे छोटेसे मंदिर करड्या-काळसर मऊ दगडाचे आहे. ह्या जातीच्या दगडाला आपण शंखजिऱ्याचा दगड म्हणू. कानडीत त्याला बळपद कल्लू म्हणतात, म्हणजे पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिलीचा दगड. असा दगड त्या परिसरात मिळत नाही. तो घाटावरून खाली आणला गेला, असे जाणकार मानतात. त्या अरण्यातून, त्या उतरणीवरून एकेक शिळा उतरविताना काय श्रम पडले असतील याचा विचार करावा. पायाशी जांभा विपुल असताना हा खटाटोप का? तर मंडपाच्या छतातील कमळासाठी आणि खांबांवरील नक्षीसाठी. चुना न वापरता शिळा एकमेकींवर बसविल्या आहेत. एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडविणारा हत्ती आहे; तो पाहावयाचा तर गुडघे टेकून बसावे लागते. मंडपातील नंदीचे मस्तक आज राहिलेले नाही.

घाट चढून बेळगावच्या किल्ल्यात आले की कमल बस्ती लागते. रट्टांचा प्रधान बीचिराज याने इ. स. १२०४ मध्ये हे जैन मंदिर बांधविले. त्याच्या मंडपाच्या छतातून बहात्तर पाकळ्यांचे एक पाषाणकमळ खाली झुकले आहे. दगड वरून लोंबतो आहे आणि तरी फुलासारखा हलका वाटतो! त्याच जिल्ह्यात कित्तूरजवळ देगाव येथे कमलनारायणाचे मंदिर आहे. कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने ते बाराव्या शतकात बांधविले. तेथील शिल्पीचे तिप्पोज हे नाव आजवर चालत आले आहे. राणीबरोबर पाथरवटाचेही नाव राहावे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

ह्या मऊ दगडाचा एक गुण असा की, खाणीतून काढताच तो नरम असतो आणि वारा-ऊन लागल्यावर हळूहळू कठीण होत जातो. शिष्याविषयीही गुरुजन असेच काही म्हणतात, पण तो विषय आजचा नव्हे. कारागिराला ह्या गुणाचा दुहेरी लाभ झाला. कोवळेपणी कोरावे आणि कोरलेले शतकानुशतके टिकावे. बेलूरचा चेन्नकेशव इ. स. १११७ चा, तेथील मदनिकांच्या अंगावरील दागिन्यांचे मणी आजही मोजता येतात. उलट सह्याद्रीचा काळा फत्तर घ्या. कृष्णाकाठचे खिद्रापूरचे कोपेश्वराचे देवालय आपणांपैकी नृसिंहवाडीची वारी करणाऱ्यांनी पाहिले असेल. अठ्ठेचाळीस खांबांचा तो स्वर्गमंडप, मध्यभागी उघडे वर्तुळाकार छत, खाली हत्तींचा थर. फत्तर कठीण, म्हणून तेथील कामाचा डौल वेगळा आहे. आकार भक्कम, रेषा ठाम, उठाव खोल. मण्यामण्याचे कोरीव काम बेलूरइतके नाही. कोणते श्रेष्ठ, हा वाद मी करीत नाही. दगड काय देईल ते ओळखून मागणे हीच शिल्पीची पहिली विद्या होय.

आणि ही विद्या ग्रंथांत आहे. 'मयमता'सारखे ग्रंथ शिळांचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे भेद सांगतात, बाल, तरुण, वृद्ध अशा अवस्था सांगतात, आणि त्या ओळखण्याची एक खूण म्हणून आघाताचा नाद सांगतात. वाचणाऱ्याला हे कल्पनारंजन वाटते. परंतु कोणत्याही खाणीवर जाऊन पाहा. पाथरवट दगड घेण्यापूर्वी हातोडीने त्यावर टिचकी मारतो आणि कान देतो. आत चीर असेल तर दगड बद्द वाजतो, सलग असेल तर घंटेसारखा. त्याने मयमत वाचलेले नाही. आम्ही वाचले आहे, पण दगड वाजविलेला नाही.

दुसरे उदाहरण वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील आहे. भूमिगत जल शोधण्याविषयीच्या दकार्गल अध्यायात, विहीर खणताना फुटत नसलेली शिळा कशी फोडावी हे सांगितले आहे: पळस आणि टेंभुर्णी यांच्या लाकडांचा जाळ करून ती लाल होईपर्यंत तापवावी आणि तीवर चुनकळीचे पाणी शिंपावे. अन्यत्र तेच आचार्य शस्त्राला पाणी देण्याची कृती सांगतात. त्यात रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची राख, कबुतराची व उंदराची विष्ठा असे पदार्थ येतात. त्यांचा लेप दिलेली धार दगडावरही मोडत नाही, असे फळ सांगितले आहे. आमचा विद्यार्थी येथे 'विष्ठा' शब्दाशी हसतो आणि पुढे जातो. एका वृद्ध पाथरवटाला मी हा भाग अर्थासह वाचून दाखविला, तेव्हा तो हसला नाही. त्याने विचारले, "शास्त्रीबुवा, लेप देऊन टाकी तापवायची ती किती लाल? आंब्याच्या पानासारखी की कुंकवासारखी?" कोवळ्या आंब्याच्या पालवीचा तांबूस रंग त्याच्या मनात होता. ग्रंथ ह्या प्रश्नाला उत्तर देत नाही. ज्या माणसासाठी तो लिहिला त्याला ते सांगण्याची गरजच नव्हती.

आता शब्दांकडे वळतो. हे आमचे स्वतःचे क्षेत्र. 'टंक' हा शब्द अमरकोशात पाषाण फोडण्याच्या साधनासाठी आला आहे. आपली मराठी 'टाकी' तीच. शब्द अंगणात राहिला, म्हणून कळतो. पण देवालयाच्या अधिष्ठानाचे वर्णन वाचू लागावे आणि मग पाहावे! उपान, पद्म, कुमुद, कंठ, वाजन, कपोत. कोश उघडला तर कुमुद म्हणजे चंद्रविकासी कमळ आणि कपोत म्हणजे पारवा. विद्यार्थी सरळ अन्वय लावतो की, चौथऱ्यावर कमळे आणि पारवे कोरावेत. वस्तुतः कुमुद हा चौथऱ्याचा फुगीर, अर्धगोल वा पैलूदार थर आहे; कपोत हा बाहेर झुकलेला, पाणी निथळून टाकणारा वळचणीसारखा थर. वाजन ही चपटी पट्टी. 'नासी' म्हणजे नाक नव्हे, तर त्या कपोतावर उठविलेली घोड्याच्या नालासारखी कमान. हे शंभर पाने टीका वाचून कळणार नाही. एखाद्या जुन्या देवालयाच्या चौथऱ्यापाशी उकिडवे बसून खालून वर बोट फिरविले की अर्ध्या घटकेत कळते.

ही अडचण आजची नाही. तंजावरकडील राम राज नावाचे विद्वान गृहस्थ बंगळूर येथे न्यायाधीश होते. हिंदूंच्या वास्तुशास्त्रावरील त्यांचा निबंध त्यांच्या निधनानंतर इ. स. १८३४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ह्या विषयावरील हा पहिला आधुनिक ग्रंथ. मानसारादी ग्रंथांच्या पोथ्या त्यांनी मिळविल्या, पंडितांपुढे ठेवल्या, आणि पंडितांना पारिभाषिक शब्दांचा अर्थ लागेना. अखेर त्यांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्या एका शिल्पीचे साह्य घेतले, तेव्हा कुलूप उघडले. पुढे बंगालचे निर्मलकुमार बसू यांनी ओडिशातील शिल्पींजवळ बसून, त्यांच्या ताडपत्रांवरील पाठ आणि उभी देवळे यांचा मेळ घातला आणि १९३२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. (हेच बसू पुढे १९४६-४७ मध्ये नौखालीत महात्माजींच्या सोबत होते.) तिसरे नाव प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा यांचे. नव्या सोमनाथ मंदिराचे हे स्थपती. तेथील प्रतिष्ठा ११ मे १९५१ रोजी झाली. वंशपरंपरेने हाती छिन्नी आलेल्या ह्या पुरुषाने 'क्षीरार्णव', 'दीपार्णव' यांसारखे संस्कृत शिल्पग्रंथ स्वतः संपादून प्रसिद्ध केले. दोन्ही भाऊ एका देहात नांदले!

बडोद्याहून आलेल्या भक्तमंडळींना सांगावयास हवे की, आपल्या गावाने ह्या कामी मोठे पुण्य जोडले आहे. धारच्या भोजराजाचा 'समरांगणसूत्रधार' गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये छापला गेला आणि 'अपराजितपृच्छा' १९५० मध्ये. ग्रंथ सुरक्षित आहेत. मला चिंता वाटते ती वाचणाऱ्यांची. आमच्या पाठशाळांत काव्य, व्याकरण, न्याय, वेदान्त चालतात. शिल्पग्रंथाचे एक पानही चालत नाही. तमिळनाडूत महाबलीपुरम येथे १९५७ पासून शिल्पाचे सरकारी विद्यालय चालू आहे, आणि तेथे छिन्नीबरोबर शास्त्रपाठही होतो. कन्याकुमारीची तिरुवळ्ळुवरांची भव्य मूर्ती, जी १ जानेवारी २००० रोजी अनावृत झाली, ती घडविणारे गणपती स्थपती ह्याच विद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य होते.

शिल्पी म्हणजे निरक्षर मजूर अशी एक समजूत आपल्या समाजात रूढ आहे. ती सोडावी लागेल. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराच्या स्थपतीला, अनिवारिताचारी गुंड याला, चालुक्य राजाने पदवी आणि मान दिला, हे तेथील शिलालेखच सांगतो. आठव्या शतकातील ही गोष्ट. बेलूरच्या मूर्तींखाली बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा पुत्र चावण यांनी आपली नावे कोरली आहेत. मल्लितम्म नावाच्या होयसळ शिल्पीची सही अनेक देवालयांत आढळते. सोमनाथपुरापर्यंत तिचा माग लागतो. देव कोरला तेथे खाली आपले नाव घालण्याची त्यांना भीती वाटली नाही आणि राजालाही त्यात उद्धटपणा दिसला नाही. आज आपण देणगीदाराचे नाव संगमरवरी पाटीवर कोरवितो. ते योग्यच आहे. पण ती पाटी कोरणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक असते?

आता प्रस्तुत विषयाकडे येतो. आपल्या सभामंडपाचे चार काळे खांब सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांचे मधले भाग कातीव आहेत, म्हणजे दगड फिरवून त्यावर वलये काढली आहेत. बोट लावले तर एकेक वलय सुतासारखे हाताला लागते. वरच्या चौकटींत वेल आहे आणि खाली हंसांची ओळ. दक्षिणेकडील मागच्या खांबावरील ओळ अपुरी आहे: तीन हंस पूर्ण, चौथ्याची केवळ मान सुटी झालेली, पाचव्याच्या जागी नुसता चौकोन. कार्य कोणत्या कारणाने थांबले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु माझ्या मते साऱ्या मंडपात ह्याहून मोलाचा दगड नाही, कारण शिल्पी कोणत्या क्रमाने हात चालवीत असे ते येथे उघडे दिसते. आधी चौकोन, मग बाह्य रेषा, मग मानेभोवतालचा दगड काढून टाकणे, आणि पिसे सर्वांत शेवटी. पुष्कळदा शिळा आपल्या जागी बसविल्यावरच ही नक्षी कोरली जात असे. म्हणजे शेवटच्या घावाने चोच उडाली तर नवा दगड घालण्याची सोय नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असे आपण म्हणतो. घाव घालणाऱ्याच्या छातीतील धडधडीविषयी मात्र म्हण नाही.

महोत्सवाच्या निमित्ताने ह्या खांबांना सोनेरी तैलरंग द्यावा, पायथ्याला चकचकीत फरशी लावावी आणि नव्या महाद्वाराचे तोरण यंत्रावर कोरून घ्यावे, अशी सूचना काही श्रद्धाळू भक्तांनी केली आहे. त्यांच्या भक्तीविषयी मला आदर आहे. देवाचे घर उजळ दिसावे ही इच्छा निर्मळ आहे, आणि यंत्राचे काम लवकर व स्वस्त होते हेही खरे. तरी नम्रतापूर्वक माझा विरोध मी येथे, पूज्य स्वामींच्या समक्ष, नोंदवितो.

तैलरंगाने दगडाची रंध्रे बुजतात. आतली ओल आतच राहते, काही वर्षांनी रंगाचे पोपडे सुटतात आणि त्यांबरोबर दगडाची साल निघते. मग तो रंग काढण्यासाठी कोणी वाळूचा फवारा आणतो. शंखजिऱ्याचा दगड नखानेही ओरखडतो. त्या फवाऱ्यापुढे हंसाची पिसे किती टिकतील? एकदा गेलेली रेषा पुन्हा येत नाही, कारण शिल्पात काढून टाकणे एवढीच क्रिया आहे, भर घालणे नाही. फरशीमुळे खांबांचा पायथा, म्हणजे जेथे उपान आणि पद्म हे थर आहेत तो भाग, झाकला जाईल, आणि मी विद्यार्थ्यांना 'पद्म' कोठे दाखवू?

यंत्राविषयी माझे मत इतके कठोर नाही. मोठी शिळा कापण्यास, पातळी साधण्यास यंत्र घ्यावे. शिल्पी स्वतःही घेतात. परंतु तोरणाची मकरमुखे शंभर ठिकाणी खपणाऱ्या एकाच नमुन्यावरून उतरणार असतील, तर त्यापेक्षा साधी, नक्षीविरहित कमान बरी असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि हाताने काम करवून घ्यावयाचे, तर एक दायित्व आपल्यावर येते. आज कर्मशाळांत विजेवर फिरणाऱ्या चक्रीने कोरडा दगड कापतात. तिची धूळ टाकीच्या चुऱ्यापेक्षा फार सूक्ष्म असते. कणाश्म आणि वाळूचा दगड यांच्या धुळीतील गारेचे कण फुप्फुसांत रुतून बसतात, श्वास कोंडत जातो, आणि ह्या व्याधीवर खात्रीचा उपाय नाही. पुष्कळ शिल्पी ऐन चाळिशीत ह्याने खंगले आहेत. चक्रीवर पाण्याची धार सोडली आणि तोंडाला योग्य आच्छादन वापरले तर धोका पुष्कळ कमी होतो. देवाच्या तोरणासाठी कोणाचा श्वास खर्ची पडू नये. म्हणून कामाच्या करारात पाणी, आच्छादन आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च मठाने वेगळा धरावा. दर ठरविताना घासाघीस करून ही रक्कम वाचविणे मला धर्म्य वाटत नाही.

पाठशाळेच्या वतीने माझी मागणी लहान आहे. तोरणाचे काम येथेच, मठाच्या मागील आवारात, कारागिरांना बोलावून करवावे. ते चालू असेपर्यंत पाठशाळेच्या वरच्या वर्गाचा एक तास रोज तेथे, दगडापाशी, व्हावा. आमच्या मुलांनी ग्रंथ वाचावा, त्यांनी थर दाखवावा. त्यांच्या मुलांपैकी ज्यांना अक्षरांची गोडी असेल त्यांना पाठशाळेत आसन द्यावे, जातीची वा प्रवेशपरीक्षेची अट न घालता. शब्दाला शब्द जुळवून, मराठी आणि कानडी दोन्ही भाषांतील कारागिरांची नावे नोंदवून, एक लहानशी परिभाषासूची आम्ही तयार करू. आणि तोरण पूर्ण झाल्यावर त्याच्या एका कडेस, फार मोठ्या अक्षरांत नव्हे, ते कोरणाऱ्यांची नावे त्यांच्याच हाताने घालू द्यावीत.

जुन्या खांबांसाठी सध्या एवढेच करावे. साबण, आम्ल, तेल काही लावू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, आणि फारच मळ असेल तेथे साध्या पाण्याने ओल्या केलेल्या सुती फडक्याने हलकेच पुसावे. पूर्वेकडील खांबाला टेकून ठेवलेली समई हातभर पुढे सरकवावी. तिच्या काजळीने वेलीची दोन पाने दिसेनाशी झाली आहेत. समितीच्या येत्या सभेत ह्या सर्व गोष्टींचा विचार व्हावा अशी विनंती करतो.